व्याजाच्या पिढ्या : एकरकमी ठेवीची वाढ आणि कर्जाची चक्रवाढ

शेतकरी कुटुंबाच्या हाती मोठी रक्कम एकदम येण्याचे प्रसंग आयुष्यात थोडेच असतात. धरण, रस्ता किंवा औद्योगिक क्षेत्रासाठी जमीन गेल्यावर मिळणारा मोबदला, वाटणीनंतर पदरात पडलेला हिस्सा, एखाद्या चांगल्या हंगामात द्राक्ष, डाळिंब वा आल्याने दिलेले पैसे, नोकरीतून निवृत्त झालेल्या भावाने गावी पाठविलेली रक्कम हे त्यांपैकी काही. मुंबई आणि नागपूर यांना जोडणारा ७०१ किलोमीटर लांबीचा समृद्धी महामार्ग राज्याच्या दहा जिल्ह्यांतून जातो. त्याच्या मार्गात जमीन असलेल्या खातेदारांच्या बँक खात्यांत आयुष्यात प्रथमच एवढी मोठी रक्कम जमा झाली.

गेलेली जमीन दरवर्षी पीक देत होती. तिच्या बदल्यात आलेली रक्कम मात्र आपोआप पीक देत नाही; तीही पेरावी लागते. ती कोठे पेरावी, याची चर्चा गावात भरपूर होते आणि ती बहुधा व्याजाच्या दराभोवती फिरते. किती काळ पेरावी आणि मधले पीक काढावे की न काढावे, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. वास्तविक एकरकमी ठेवीच्या वाढीत दराइतकेच, किंबहुना त्याहून अधिक महत्त्व काळाला असते. हाच काळ कर्जाच्या बाजूला उभा राहिला, तर त्याच वेगाने घर पोखरतो. या लेखात चक्रवाढीच्या या दोन्ही बाजूंचा विचार केला आहे.

मावा आणि चक्रवाढ

ज्यांनी करडई, कपाशी किंवा मोहरीवरील मावा पाहिला आहे, त्यांना चक्रवाढ समजावून सांगण्यासाठी निराळ्या उदाहरणाची गरज नाही. अनुकूल हवामानात मावा किडीची मादी नराशिवाय प्रजनन करते आणि अंडी न घालता थेट पिल्लांना जन्म देते. त्याहून विलक्षण बाब अशी की, जन्माला येणाऱ्या पिल्लाच्या शरीरात पुढच्या पिढीचे गर्भ आधीच वाढू लागलेले असतात. आजी, आई आणि नात अशा तीन पिढ्या एकाच देहात एकात एक सामावलेल्या असतात. म्हणूनच ही कीड इतक्या झपाट्याने वाढते. नवे पिल्लू केवळ संख्येत भर घालीत नाही. अल्पावधीतच ते स्वतः माता होते.

चक्रवाढ व्याजाचे तत्त्व अगदी हेच आहे. सरळ व्याजात मुद्दल हीच एकमेव माता असते. ती दरवर्षी ठरावीक व्याज देते. पण ते व्याज वांझ असते, त्याला पुढे व्याज होत नाही. चक्रवाढीत मिळालेले व्याज मुद्दलात मिसळते आणि पुढील वर्षी त्यालाही व्याज होते. ‘थेंबे थेंबे तळे साचे’ ही आपली म्हण बचतीची महती सांगते. पण थेंबाथेंबाने साचणे ही बेरीज आहे. चक्रवाढ हा गुणाकार आहे. हा भेद लक्षात न आल्यामुळे दोन प्रकारची फसगत होते. ठेवीची वाढ सुरुवातीला संथ वाटते म्हणून माणूस ती मोडतो आणि कर्जाची वाढ सुरुवातीला किरकोळ वाटते म्हणून तो ते तसेच राहू देतो.

समजा, एका झाडावर मावा किडीची एक मादी आली आणि दर तीन दिवसांनी संख्या दुप्पट होऊ लागली. पंधराव्या दिवशी त्या झाडावर केवळ ३२ कीटक दिसतील. सत्ताविसाव्या दिवशी ५१२ आणि तिसाव्या दिवशी १,०२४. पहिल्या पंधरवड्यात नजरेत न भरलेली कीड शेवटच्या तीन दिवसांत आधीच्या सत्तावीस दिवसांइतकी वाढते. ‘मावा एका रात्रीत आला’ असे शेतकरी म्हणतो, त्यामागचे गणित हे आहे. मावा एका रात्रीत येत नाही. महिनाभर वाढत असतो आणि एका रात्रीत दिसतो.

कीटकसंख्येची वाढ मोजण्यासाठी कीटकशास्त्रज्ञ जे घातांकी सूत्र वापरतात, त्यातील ‘ई’ हा स्थिरांक मुळात व्याजाच्या प्रश्नातून पुढे आला, ही या संदर्भात लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट आहे. व्याज वर्षातून एकदा न जोडता दर महिन्याला, दर दिवसाला, दर क्षणाला जोडत गेले तर रक्कम किती होईल, या प्रश्नाचा विचार करताना १६८३ साली स्विस गणिती याकोब बर्नुली या संख्येपर्यंत पोहोचला. गणिताच्या दृष्टीने कीड आणि पैसा यांची वाढ एकच आहे.

पाच लाखांचा तीस वर्षांचा हिशेब

आता प्रत्यक्ष आकडे पाहू. एखाद्या कुटुंबाने ५ लाख रुपये वार्षिक ७ टक्के दराने ठेवले, व्याज दरवर्षी मुद्दलात मिसळू दिले आणि मधे काहीही काढले नाही, असे गृहीत धरू. सोयीसाठी दर सर्व वर्षे सारखाच मानला आहे. सरळ व्याजाने आणि चक्रवाढीने होणारी एकूण रक्कम अशी :

५ वर्षांनंतर : सरळ व्याजाने ६,७५,००० रुपये, चक्रवाढीने ७,०१,२७६ रुपये
१० वर्षांनंतर : ८,५०,००० रुपये, ९,८३,५७६ रुपये
१५ वर्षांनंतर : १०,२५,००० रुपये, १३,७९,५१६ रुपये
२० वर्षांनंतर : १२,००,००० रुपये, १९,३४,८४२ रुपये
२५ वर्षांनंतर : १३,७५,००० रुपये, २७,१३,७१६ रुपये
३० वर्षांनंतर : १५,५०,००० रुपये; ३८,०६,१२८ रुपये

पहिल्या पाच वर्षांत दोन्ही पद्धतींत फरक पडतो तो अवघा २६ हजारांचा. एवढ्याशा फरकासाठी पैसे अडकवून का ठेवावेत, असा विचार याच टप्प्यावर मनात येतो. परंतु तिसाव्या वर्षी हाच फरक साडेबावीस लाखांवर जातो. पहिल्या पाच वर्षांत चक्रवाढीने २ लाख रुपये व्याज दिले. शेवटच्या पाच वर्षांत तिने १० लाख ९२ हजार रुपये दिले. मुद्दल तेच, दर तोच. वाढल्या त्या केवळ व्याजाच्या पिढ्या.

यातून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. हीच ठेव पाच वर्षे उशिरा केली, तर कुटुंबाला वाटते की आपण पहिल्या पाच वर्षांचे २ लाख रुपये गमावले. प्रत्यक्षात तीसऐवजी पंचवीसच वर्षे मिळाल्याने हातची जाते ती शेवटची पाच वर्षे, म्हणजे जवळजवळ ११ लाख रुपये. मधेच काढलेल्या रकमेचेही तसेच आहे. दहाव्या वर्षी लग्नकार्यासाठी या ठेवीतून २ लाख रुपये काढले, तर तिसाव्या वर्षी २ लाख नव्हे, तर ७ लाख ७४ हजार रुपये कमी मिळतात. काढलेल्या दोन लाखांबरोबर त्यांची पुढील वीस वर्षांची संततीही जाते. खर्च आवश्यक असेल तर तो करावाच लागतो. पण त्याची खरी किंमत कळल्यावर करावा.

व्याज किती वेळा जोडले जाते, यालाही महत्त्व आहे. आपल्या देशात बँकांच्या मुदत ठेवींवर सामान्यतः दर तिमाहीला चक्रवाढ होते. ७ टक्के दराने ५ लाखांवर दर तिमाहीला व्याज जोडले, तर दहा वर्षांत रक्कम १० लाख ८०० रुपयांच्या आसपास जाते. वर्षातून एकदा जोडले तर ९ लाख ८३ हजार. फरक आहे, पण तो काळाने पडणाऱ्या फरकापुढे लहान आहे. त्याहून मोठी चूक वेगळ्या ठिकाणी होते. ठेवीचा अर्ज भरताना दर महिन्याला किंवा तिमाहीला व्याज हाती देणारा पर्याय निवडला, की चक्रवाढ तेथेच थांबते. घरखर्चासाठी व्याजावर अवलंबून असलेल्या वृद्ध दांपत्यासाठी तो पर्याय योग्यच आहे. पण ज्या कुटुंबाला त्या व्याजाची आज गरज नाही, त्याने व्याज मुद्दलात जमा होणारी पुनर्गुंतवणूक ठेवच निवडावी.

बहात्तरचा नियम

चक्रवाढीचा हिशेब शिवारात, कागद-पेन्सिलीशिवाय करावयाचा असेल, तर बहात्तरचा नियम उपयोगी पडतो. ७२ या संख्येला वार्षिक व्याजदराने भागले, की रक्कम दुप्पट होण्यास लागणारी वर्षे अंदाजे मिळतात. ६ टक्के दराने १२ वर्षे, ८ टक्के दराने ९ वर्षे, ९ टक्के दराने ८ वर्षे.

पोस्टातील किसान विकास पत्र हे या नियमाचे चालते-बोलते उदाहरण आहे. ही योजना १९८८ साली सुरू झाली तेव्हा रक्कम साडेपाच वर्षांत दुप्पट होत असे, म्हणजे दर १३ टक्क्यांहून अधिक पडत असे. पुढे व्याजदर उतरत गेले, तसा दुपटीचा काळ लांबला. २०११ साली योजना बंद करण्यात आली आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये ती १०० महिन्यांच्या मुदतीसह पुन्हा सुरू झाली. १ एप्रिल २०२३ पासून ७.५ टक्के दराने ११५ महिन्यांत रक्कम दुप्पट होईल, असे जाहीर झाले. ७२ ला ७.५ ने भागल्यास ९.६ वर्षे, म्हणजे साधारण ११५ महिनेच येतात. अल्पबचत योजनांच्या दरांचा सरकार दर तिमाहीला आढावा घेते, त्यामुळे पैसे गुंतवितानाचा दर पोस्टात विचारून घ्यावा.

या नियमाचा दुसरा उपयोग फसवणूक ओळखण्यासाठी होतो. ‘दोन वर्षांत दामदुप्पट’ असे आश्वासन घेऊन कोणी गावात आला, तर ७२ ला २ ने भागावे. उत्तर ३६ येते आणि दर इतका मोठा असताना हा नियम थोडा कमीच दाखवितो. प्रत्यक्षात त्यासाठी ४१ टक्क्यांहून अधिक वार्षिक परतावा हवा. सरकारी बचत योजना ज्या काळात ७-८ टक्के देते, त्याच काळात ४१ टक्क्यांची हमी कोणता व्यवसाय देऊ शकेल, हा प्रश्न तेथल्या तेथे विचारावा.

सुपे, १२ मे १८७५

चक्रवाढीची दुसरी बाजू महाराष्ट्राने फार मोठी किंमत देऊन अनुभवली आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला केला. आज हे गाव बारामती तालुक्यात आहे. त्यांनी खातेवह्या आणि कर्जरोखे मागितले व ते जाळले. पुढील काही आठवड्यांत हे लोण पुणे आणि त्या काळच्या अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. इतिहासात ही घटना ‘दख्खनचे दंगे’ या नावाने ओळखली जाते. त्या उठावात शेतकऱ्यांचा मुख्य रोख सावकाराच्या जिवावर नव्हता, तर कागदावर होता, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. व्याजाच्या पिढ्या ज्या कागदावर जन्म घेत होत्या, तो कागदच त्यांना नष्ट करावयाचा होता.

त्यामागील घटनाक्रम आजच्या वाचकालाही ओळखीचा वाटेल. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकन यादवी युद्धामुळे इंग्लंडला अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला आणि भारतीय कापसाचे भाव चढले. भाव चढले तसे सावकारांनी सढळ हाताने कर्ज दिले. युद्ध संपले, भाव कोसळले, नवे कर्ज मिळणे बंद झाले आणि त्याच सुमारास फेरपाहणीने सारा वाढविण्यात आला. जुने कर्ज मात्र वाढतच राहिले.

ते कसे वाढले, हे समजण्यासाठी १८५९ चा मुदतीचा कायदा पाहावा लागतो. कर्जरोखा तीनच वर्षे वैध राहील, अशी त्यात तरतूद होती. व्याज वर्षानुवर्षे साचू नये, हा तिचा हेतू. व्यवहारात मात्र उलटेच घडले. दर तीन वर्षांनी सावकार थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेऊ लागला. अशा रीतीने शेतकऱ्याच्या रक्षणासाठी केलेल्या मुदतीनेच चक्रवाढीला तीन वर्षांची पिढी ठरवून दिली.

उदाहरणादाखल, १०० रुपयांचे कर्ज दरसाल २४ टक्क्यांनी घेतले, काहीच फेडले नाही आणि दर तीन वर्षांनी रोखा बदलला, असे मानू. पहिल्या बदलाच्या वेळी १७२ रुपये होतात, सहा वर्षांनी २९६, नऊ वर्षांनी ५०९, बारा वर्षांनी ८७५, पंधरा वर्षांनी १,५०५ आणि अठरा वर्षांनी २,५८९. सरळ व्याजाने अठरा वर्षांत हीच रक्कम ५३२ रुपये झाली असती. हे गणित काल्पनिक असले तरी अतिशयोक्त नाही. दंग्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगासमोर आलेल्या एका प्रकरणात १०० रुपयांच्या कर्जावर २,००० रुपयांहून अधिक व्याज आकारलेले आढळले होते.

धान्याच्या देवघेवीतही हाच प्रकार चाले. पेरणीच्या वेळी सवाईने किंवा दिढीने धान्य घ्यावयाचे आणि सुगीला सव्वापट वा दीडपट परत करावयाचे, ही वाढीदिढीची पद्धत. सुगी साधली तर व्यवहार एका हंगामात मिटे. दुष्काळाने सुगी हुकली, की दीड पोत्यावर पुन्हा दिढी चढे : सव्वादोन पोती, मग जवळजवळ साडेतीन पोती, चौथ्या हंगामाअखेर पाच पोत्यांहून अधिक. एका पोत्याचे बियाणे घेणारा शेतकरी चार हंगामांत पाच पोत्यांचा ऋणको होई.

दामदुप्पट : जुना बांध, आजचे नियम

वाढत्या प्रवाहाला बांध घालावा लागतो, हे आपल्या पूर्वजांनी ओळखले होते. मनुस्मृतीत व्याजाच्या निषिद्ध प्रकारांत ‘चक्रवृद्धि’ हा शब्द आढळतो आणि पैशावरील व्याजाला दुपटीची मर्यादाही सांगितलेली आहे. याच परंपरेतून दामदुप्पटीचा नियम आला. एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलाहून अधिक असू नये, असा हा नियम असून मुंबई इलाख्यातील न्यायालयांनी तो हिंदू कायद्याचा भाग म्हणून मानला. परंतु रोखा बदलून व्याजाचे मुद्दल केले, की हा बांध फुटत असे. कारण मुद्दलच वाढलेले असे.

दंग्यांनंतर आलेल्या १८७९ च्या दख्खन कृषक साहाय्य कायद्याने नेमकी हीच फट बुजविण्याचा प्रयत्न केला. रोख्यावर लिहिलेला आकडा प्रमाण न मानता व्यवहाराचा मुळापासून हिशेब घेण्याचा, मुद्दल आणि व्याज यांची खाती वेगळी मांडण्याचा आणि मुद्दल केलेले व्याज सामान्यतः मुद्दलात न धरण्याचा मार्ग न्यायालयांना त्याने दाखविला.

त्या विचाराचा धागा आजच्या नियमांपर्यंत येतो. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार पीक कर्जाच्या मुदतीत असलेल्या रकमेवर बँकेने चक्रवाढ व्याज आकारावयाचे नसते; कर्ज थकीत झाल्यावर मात्र व्याज मुद्दलात मिळविता येते. तसेच अल्प आणि अत्यल्प भूधारकांना दिलेल्या अल्पमुदत कर्जावरील एकूण व्याज मुद्दलाहून अधिक होता कामा नये. दामदुप्पटच ती, नव्या शब्दांत. यातील मर्म असे की, पीक कर्जाची देय तारीख ही केवळ कार्यालयीन नोंद नसते; त्या तारखेपर्यंत कर्ज वांझ असते आणि त्यानंतर ते प्रसवू लागते. ३ लाखांपर्यंतच्या पीक कर्जावर मुदतीत परतफेड करणाऱ्यास केंद्राची व्याज सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना यांचा लाभ मिळून व्याजाचा भार शून्यावर येऊ शकतो. तारीख चुकली, की सवलत जाते आणि चक्रवाढीचे दार उघडते.

कर्जाचीही आर्थिक नुकसानीची पातळी

१९५९ साली कॅलिफोर्नियातील स्टर्न, स्मिथ, व्हॅन डेन बॉश आणि हेगन या कीटकशास्त्रज्ञांनी किडीच्या आर्थिक नुकसानीच्या पातळीची कल्पना मांडली. कीड दिसली की फवारणी, असे न करता नुकसान नियंत्रणाच्या खर्चाइतके होण्याआधीच्या ठरावीक टप्प्यावर उपाय योजावा, हे तिचे सार. गुलाबी बोंडअळीच्या कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी आठ पतंग सापडले की उपाय करावा, ही शिफारस त्याच विचारातून आलेली आहे. संख्या हाताबाहेर गेल्यावर केलेला उपाय महाग पडतो आणि पुरेसा ठरत नाही.

कर्जालाही अशी पातळी असते. ‘शेकडा तीन रुपये महिना’ हे शब्द ऐकावयास सौम्य वाटतात. त्याचा अर्थ वर्षाला ३६ टक्के. आणि व्याज दरमहा मुद्दलात मिसळत गेले तर वर्षाला साडेबेचाळीस टक्क्यांहून अधिक. ५० हजारांचे असे कर्ज दोन वर्षांत एक लाखाच्या वर, तीन वर्षांत १ लाख ४५ हजार आणि पाच वर्षांत २ लाख ९५ हजारांच्या आसपास जाते. ७ टक्क्यांच्या ठेवीला दुप्पट होण्यास दहा वर्षांहून थोडा अधिक काळ लागतो. तेवढ्या काळात हे कर्ज पाचपेक्षा अधिक वेळा दुप्पट होते. एका खिशात अशी ठेव आणि दुसऱ्या खिशात असे कर्ज बाळगणारे कुटुंब दर महिन्याला गरीब होत असते, मग त्याचे पासबुक काहीही सांगो.

म्हणून एकरकमी पैसा हाती येताच गुंतवणुकीचा विचार दुसरा आणि कर्जाचा विचार पहिला. महिन्याच्या दराने घेतलेले हातउसने व सावकारी कर्ज सर्वांत आधी, त्यानंतर थकीत बँक कर्ज. सवलतीच्या दराचे, मुदतीत असलेले पीक कर्ज मात्र घाईने फेडण्याची गरज नाही. ते देय तारखेआधी फेडले म्हणजे पुरे. परवान्याशिवाय सावकारी करणे हा महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार गुन्हा आहे. अवैध सावकारीत बळकावलेली जमीन परत मिळविण्यासाठी जिल्ह्याच्या सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे दाद मागता येते, हेही अनेक गावांत पोहोचावयास हवे.

ठेवीचे नैसर्गिक शत्रू

कोणतीही कीड सैद्धांतिक गतीने वाढत नाही. ढालकिडे, परोपजीवी गांधीलमाश्या, पाऊस आणि अन्नाचा तुटवडा तिला रोखतात. ठेवीलाही असे शत्रू आहेत आणि कागदावरील वाढ खरी मानण्यापूर्वी ते मोजले पाहिजेत.

पहिला शत्रू महागाई. वीस वर्षांत ५ लाखांचे १९ लाख ३५ हजार होतात. पण दरम्यान महागाई दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढली, तर त्या रकमेची खरेदीशक्ती आजच्या ७ लाख २९ हजारांएवढीच उरते. वाढ आहे, पण ती आकड्यात दिसते तेवढी नाही. महागाई हीदेखील एक चक्रवाढच आहे, आणि ती घरात पेटीत ठेवलेल्या रोख रकमेवर अखंड चालू असते.

दुसरा शत्रू कर. शेतीचे उत्पन्न आयकरमुक्त असले, तरी ठेवीवरील व्याज हे शेतीचे उत्पन्न ठरत नाही. मोठी ठेव करण्यापूर्वी कुटुंबाच्या उत्पन्नाचा एकत्रित विचार करून जाणकाराचा सल्ला घ्यावा.

तिसरा आणि सर्वांत घातक शत्रू म्हणजे मुद्दलाचीच बुडीत. ७ ऐवजी ९ टक्के मिळाले, तर वीस वर्षांत ५ लाखांचे १९ नव्हे, २८ लाख होतात. हा मोह खरा आहे. परंतु शून्याला कितीही वर्षे गुणले तरी शून्यच राहते. बँकेतील ठेवीला ठेव विमा असतो. ४ फेब्रुवारी २०२० पासून त्याची मर्यादा प्रत्येक ठेवीदारास प्रत्येक बँकेमागे, मुद्दल आणि व्याज मिळून, ५ लाख रुपये आहे. नागरी सहकारी आणि जिल्हा मध्यवर्ती बँकाही या संरक्षणाखाली येतात. पतसंस्था मात्र येत नाहीत. गावातील पतसंस्थेचा एक-दोन टक्के जादा दर हा या फरकाचा मोबदला असतो. तसेच ५ लाखांची ठेव वाढून १० लाख झाली, तर वाढलेला भाग मर्यादेबाहेर राहतो. म्हणून मोठी रक्कम एकाहून अधिक बँकांत आणि पोस्टाच्या योजनांत विभागणे शहाणपणाचे.

चौथा शत्रू घरातलाच : अडचणीच्या वेळी मोडावी लागणारी ठेव. त्यावर दोन उपाय आहेत. एका हंगामाचा मशागत, बियाणे, खते आणि घरखर्च भागेल एवढी रक्कम दीर्घ ठेवीत न घालता बचत खात्यात किंवा अल्पमुदतीत ठेवावी. आणि ५ लाखांची एकच पावती करण्याऐवजी एक-एक लाखाच्या पाच पावत्या कराव्यात; म्हणजे गरज लाखाची असताना पाच लाखांची वाढ खंडित होत नाही.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

शेतकरी मेळाव्यात किंवा शेतीशाळेत हा विषय मांडताना पुढील क्रम सोयीचा ठरतो :

१. रक्कम हाती येण्यापूर्वीच, म्हणजे मोबदल्याची नोटीस आल्यापासून, कुटुंबासह सर्व कर्जांची यादी करावी. प्रत्येकापुढे वार्षिक दर लिहावा. ‘महिना शेकडा’ असेल तर बाराने गुणावे.
२. ७२ चा नियम फळ्यावर दोनदा वापरून दाखवावा : एकदा ठेवीसाठी, एकदा कर्जासाठी.
३. महागडे कर्ज, थकीत कर्ज, हंगामाचा राखीव खर्च आणि मग दीर्घ ठेव, हा क्रम पाळावा.
४. दीर्घ ठेव करताना चार गोष्टी तपासाव्यात : व्याज मुद्दलात मिसळते का, मुदतपूर्व मोडल्यास काय नियम आहे, ठेवीला कोणाचे संरक्षण आहे आणि वारसाचे नामनिर्देशन झाले आहे का. ठेवीची माहिती पती-पत्नी दोघांनाही असावी.
५. पीक कर्जाची देय तारीख पेरणीच्या तारखेइतकीच ठळकपणे घरातील दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी.

चक्रवाढीला माणूस ओळखता येत नाही. सुप्याच्या शेतकऱ्याचा रोखा आणि आजच्या खातेदाराची ठेव या दोन्हींवर ती एकाच नियमाने चालते. त्या शेतकऱ्यांपुढे कागद जाळण्यावाचून मार्ग उरला नव्हता. आजच्या शेतकऱ्यापुढे मुदतीचे कर्ज, सुरक्षित ठेव आणि कायद्याचे संरक्षण आहे. मोबदल्याचे पैसे जमिनीप्रमाणे पुढच्या पिढीच्या हाती द्यावयाचे असतील, तर व्याजाच्या पिढ्या आपल्या बाजूला वाढू द्याव्या लागतील, आणि कर्जाच्या पहिल्याच पिढीला थांबवावे लागेल.